बिगरनिकडीचा रकाना

इनास लोबोने वहीत उभी रेघ मारली.
डावीकडे निकडीचं, उजवीकडे बिगरनिकडीचं.
मग विचारलं, आजगावकरांना नाही, मला:
"ह्यां दोन तास बंद पडलां,
तर कोणाचां काय अडतलां?"

जिन्याखालचा कॉम्प्युटर तोवर तीनदा मेला होता.
वेंगुर्ल्याची खारी हवा स्क्रूंच्या माथ्यावर बसते,
मुंग्या आत शिरून अंडी घालतात,
काजूच्या फॅक्टरीत तेवढीच एक जागा
रात्रभर कोमट.

बिलं, कर, बँकेचं सगळं
डावीकडे गेलं. ते राहील महागड्या घरात,
दोन शहरांत दोन बिऱ्हाडं,
एक पडलं तर दुसरं उभं.
उजवीकडे एकेक उतरत गेलं:
बारदान, टरफलाच्या तेलाचे डबे,
चहाची उधारी,
सोलणाऱ्या बायकांची हजेरी, रोजचे किलो.
(मजुरी चिठ्ठीवर होते, शनिवारी.
ही नुसती नोंद.)

चौदा वर्षं मी जे करत आले
ते सगळं रेघेच्या त्या बाजूला.
मी बोलले नाही.
पेनाचं टोपण चावलं थोडं.

"तीनशे चाळीस," इनास म्हणाला.
आजगावकरांचा चेहरा उजळला.
त्यांना वाटलं, वर्षाला.

ढग म्हणू नका, तो म्हणाला,
भाड्याची खोली म्हणा.
खोली पण नव्हे, खाट.
एका मोठ्या मशीनवर पन्नास जणांची पथारी:
शेजारी कुणाचं क्लासचं फीचं रजिस्टर,
कुणाच्या मंगल कार्यालयाच्या तारखा,
कुणाचा टायरचा साठा.
कोणी कोणाला ओळखत नाही,
एकाने फार घोरलं की बाकीच्यांची गती मंदावते.
आणि अर्धा तास कोणी हाक मारली नाही
तर हा आपला झोपतो.
झोपेचे पैसे लागत नाहीत,
म्हणून तर स्वस्त.

तेव्हापासून सकाळी साडेआठला
मी नाव टाकते, आणि गोल फिरत राहतो.
चाळीस सेकंद. मोजलेत मी.
तेवढ्यात बायका पायऱ्या चढतात,
प्रमिला चप्पल उंबऱ्याबाहेर उलटी ठेवते,
राखेचं घमेलं कोणीतरी ओढत नेतं,
बंदराकडून येणारा टेम्पो
वळणावर दोनदा हॉर्न मारतो.
चौदा वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं.
तेव्हा मशीन लगेच सुरू व्हायचं.

मग एका मंगळवारी तो उठलाच नाही.
दहाला नाही, बाराला नाही.
काजू भाजले गेले, फुटले, सोलले गेले,
पंचाऐंशी पोती कोल्हापूरच्या गाडीत चढली.
आजगावकर जेवून वामकुक्षी करून आले.
कोणी विचारलं नाही.
इनासची रेघ बरोबर होती,
जरा जास्तच बरोबर.

साडेपाचला कार्मेलिन आली.
ती रोज येते, घरी जाण्याआधी.
टरफलाच्या चिकाने काळं झालेलं बोट
काचेला लावत नाही, लांबूनच धरते,
आपली ओळ शोधते.
वाचता येतं ते तेवढंच,
नाव, आणि पुढचा आकडा.
"बाय, माझां नाव खंय गेलां?"

म्हटलं, झोपलाय तो.
"माका निजाक गावत नाय,
आणि ह्याका बरी निज येता!"
हसली. पण गेली नाही,
कोऱ्या पडद्यासमोर उभीच राहिली,
बस चुकल्यावर माणूस राहतो तशी.
मग मी जुनी वही काढली,
तिचं नाव घातलं, पुढे नऊ किलो दोनशे,
आणि तिच्याकडे फिरवली.

रात्री इनासचा फोन आला.
"सॉरी गो. तिकडचां मशीन बदलत होते.
कोणाचां काय अडलां नाय मा?"
नाही, म्हटलं.

बुधवारी साडेआठला नाव टाकलं.
गोल फिरायला लागला.
एकोणतीस, तीस.
प्रमिलाची चप्पल. टेम्पोचा पहिला हॉर्न.
छत्तीस.
वही मी ड्रॉवरमध्ये ठेवलेली नाही,
बाहेरच आहे, पेन आत घालून.